वेवेलराथचे सहा खांदे

वेवेलराथ गाव कुणी रिकामं केलं, असं नव्या वस्तीत कुणालाही विचारा. कंपनीचं नाव दुसरं येईल, पहिलं येईल ड्रिकेस फ्लाटेनचं. कंपनीचं काय, तिचा धंदाच जमीन खणून तपकिरी कोळसा काढायचा. पण ड्रिकेस घरचा माणूस. अडतीस वर्षं त्यानं दारोदार टपाल वाटलं. गावातली कुत्री त्याच्यावर भुंकायची नाहीत, इतका घरचा. त्याच्या शब्दावर विसंबून लोकांनी सह्या केल्या, आणि आता सकाळच्या पावाच्या रांगेत त्या सह्या चघळत बसतात. तो रांगेत असेल तर हवापाण्यावर बोलतात.

ड्रिकेसला गाव विकायचं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला मेल्यावर सहा खांदे हवे होते, बाकी काही नाही.

कोलोनच्या पश्चिमेकडच्या आमच्या या सपाट मुलखात मेलेल्या माणसाला नातेवाईक उचलत नाहीत, शेजारी उचलतात. उजवीकडची तीन घरं आणि डावीकडची तीन. त्यातलं जे दार सगळ्यात जवळ, तो पहिला शेजारी. मरणाची खबर तोच घरोघर जाऊन सांगतो, टोपी हातात धरून, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून. सहाही घरांत या कामाचे पांढरे हातमोजे वेगळे ठेवलेले असतात. भांडण असो, अबोला असो, कुंपणावरून कोर्टकचेरी चालू असो, पेटीला खांदा द्यायला यायचंच. ड्रिकेसच्या बापाला ज्यांनी उचललं त्यातल्या एकाशी बापाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तो मुकाट्यानं आला, खांदा दिला, कॉफी प्यायला आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रिकेसच्या आईशीही अबोला धरला.

ड्रिकेसला मूल नव्हतं. बायको नेट्टा एका फेब्रुवारीत गेली तेव्हा गुडघाभर बर्फ होता आणि शववाहिनी वेशीवरच रुतली. घरापासून दफनभूमीपर्यंतची सगळी वाट सहा जणांनी पायी तोडली. पुढे उजव्या हाताला शेजारच्या झिलाचा नवरा कॉनराड, डाव्या हाताला पलीकडच्या घरातला थाइस. थाइसची आणि ड्रिकेसची दोस्ती पहिलीच्या वर्गापासूनची. ड्रिकेस मागून चालत होता, समोर सहा पाठी हलत होत्या, आणि रडता रडता त्याच्या मनात आलं की मूल नाही तर नाही, आपल्यालाही हे असंच नेतील. त्या विचारानं त्याला खरोखर धीर आला.

पुढच्या चार वर्षांत कॉनराडही गेला. त्या वेळी पुढचा डावा खांदा ड्रिकेसचा होता.

मग कंपनीची पत्रं आली. ती त्यानंच वाटली, दुसरं कोण वाटणार? नोंदणीकृत पत्रं, प्रत्येक दारी पोच घ्यायची. खाण गावाच्या दिशेनं सरकतेय, पंधरा वर्षांत वेवेलराथच्या जागी खड्डा असेल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. लोकांनी ठरलेल्या मुदतीत एकत्र नोंदणी केली तर आठ किलोमीटरवर नवी वस्ती वसवू, रस्त्यांची नावं तीच ठेवू. नाहीतर ज्याचा त्यानं रस्ता धरावा.

नेमबाजांच्या मंडळाच्या सभागृहात सभा झाली. ड्रिकेसनं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. त्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, "यंत्रं थांबणार नाहीत. आपल्या हातात एवढंच आहे की सुटेसुटे जायचं की मिळून जायचं. मिळून गेलो तर थाइस माझ्या शेजारीच असेल आणि मी थाइसच्या. सुटेसुटे गेलो तर आपल्याला उचलणार कोण?"

आमच्या लोकांना पैशाचं कळतं, कायद्याचं कळतं, पण त्या प्रश्नापुढे कुणाचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी टपालाची पिशवी खांद्याला लावून तो घरोघर समजूत घालत फिरला. एक दार सोडून सगळी दारं वळली.

ते एक दार झिलाचं.

"ये, ये," झिला म्हणाली. काळ्या पावावर ती बीटचा दाट पाक फासत होती. "आज कुणाचं टपाल? कंपनीचं की तुझं स्वतःचं?"

"झिला, आपण बसून राहिलो म्हणून यंत्रं काय वळसा घालून जाणार आहेत?"

"येऊ देत की. आली की कॉफी टाकते त्यांनाही."

"चेष्टा पुरे. तू एकटी मागे राहिलीस तर तुला उचलायला कोण येणार आहे?"

"म्हणजे जित्या माणसांची घरं मोडायची, कशासाठी, तर मेल्यावर सोय व्हावी म्हणून! धन्य आहे बाबा तुझी."

"गाव म्हणजे विटा नव्हेत गं. गाव म्हणजे माणसं."

"हे कंपनीच्या पुस्तिकेत पान तीनवर आहे," झिला म्हणाली. "मीही वाचते, ड्रिकेस."

तो कानापर्यंत लाल झाला, कारण खरंच पान तीनवर होतं. वाक्य आपलंच आहे असं त्याला इतके दिवस वाटत होतं. "हट्टी आहेस, पस्तावशील," असं काहीबाही बोलून तो उठला. पाव तसाच राहिला.

मुदतीच्या आत नोंदणी झाली. मग नागरिकांच्या समितीत ड्रिकेसनं भांडून एक कलम घालून घेतलं. नव्या वस्तीत शेजारी कोण हवेत, याची सहा नावं प्रत्येक घरानं लिहून द्यायची आणि त्याप्रमाणे भूखंड वाटायचे. कुणावर दडपण नको म्हणून पाकिटं बंद. वेड्याला वाटलं, सगळे आपापले जुने सहा लिहितील. पिढ्यान्‌पिढ्या एकाच भिंतीला टेकून राहिलेल्या माणसांना, हवा तो शेजारी निवडा, असं चोरून विचारायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पाकिटं गोळाही त्यानंच केली, सवयीनं.

महिन्याभरानं नकाशा लागला. ड्रिकेसचा भूखंड पार टोकाला. उजवीकडे नाला. डावीकडचे तीन भूखंड शिल्लक राहिले होते, ते पुढे शहराकडच्या लोकांनी घेतले. कोपऱ्यावरच्या मोठ्या जागा, दक्षिणेचं ऊन, सुनेचं माहेर, एकेकाचा एकेक हिशेब. एकाही घरानं जुने सहाच्या सहा लिहिले नव्हते. ड्रिकेसचं नाव तर कुणीच लिहिलं नव्हतं.

तो तडक थाइसकडे गेला. "तू माझं नाव लिहिलं नाहीस?"

"लिहिणार होतो रे." थाइस गॅरेजमध्ये खोकी बांधत होता आणि वर बघत नव्हता. "पण आमची लिस्बेथ म्हणाली, चाळीस वर्षं सकाळी उठून ड्रिकेसचा खोकला ऐकतेय, आता जरा दुसऱ्या कुणाचा ऐकू."

"माझा खोकला!"

"आणि तू धरूनच चाललास की मी लिहिणार. एकदा विचारायचंस तरी."

"शेजाऱ्याला विचारावं लागतं?"

"फॉर्मवर विचारलंच होतं की," थाइस म्हणाला. "तुझ्याच फॉर्मवर."

तिथे ड्रिकेसनं पाय रोवायला हवे होते, सगळं उधळून लावायला हवं होतं. त्यानं तसं केलं नाही. लोकांपुढे इतकं बोलून बसलेला माणूस मागे कसा फिरणार? उलट दफनभूमी हलवायची वेळ आली तेव्हा लोक कचरले, म्हणून पहिली सही त्यानं केली. एका सकाळी नेट्टाच्या थडग्यावर तंबू ठोकला गेला. नातेवाइकांनी बघू नये असं कळवलं होतं, तरी तो कुंपणापाशी उभा राहिला. कंत्राटदाराच्या दोन माणसांनी एक आखूड पेटी बाहेर आणली आणि व्हॅनमध्ये सरकवली. एकाच्या तोंडात सिगारेट होती. बर्फातून जिला सहा खांद्यांवर नेलं तिला आपण असं पाठवलं, याची त्याला लाज वाटली आणि ती लाज पुढे कधी कमी झाली नाही.

नव्या वस्तीला रस्त्यांची जुनी नावं मिळाली. घरांपुढे बागेऐवजी करडी खडी आली, कारण तिला निगा लागत नाही. लोक गाडीतून बटण दाबून गॅरेज उघडतात आणि आतल्या आत घरात शिरतात. कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागत नाही. दुसऱ्या वर्षी थाइस गेला. ही खबरही ड्रिकेसला कुणी टोपी हातात धरून दिली नाही, पावाच्या दुकानात कळली. त्यानं काळा सूट चढवला, पांढरे हातमोजे घेतले आणि तो गेला.

लिस्बेथनं दारातच त्याचे हात बघितले. "अरे ड्रिकेस, त्याची गरज नाही. त्या लोकांकडे चाकांची गाडी असते. मीच म्हटलं, कशाला कुणाला त्रास?"

"त्रास?" तो म्हणाला.

"तुझाही गुडघा दुखतो ना," लिस्बेथ मायेनं म्हणाली.

थाइसची पेटी रबरी चाकांवरून गुळगुळीत रस्त्यानं गेली. ड्रिकेस हातमोजे खिशात घालून मागून चालला. त्याला थाइसचा राग आला होता, आणि मेलेल्या माणसावर रागावायचं म्हणजे कुठवर रागावणार?

त्यानंतर वर्षभरात ती बातमी आली. कोळसा आता जमिनीतच राहू द्यायचा, खाण आहे तिथे थांबणार, वेवेलराथ वाचलं! रेडिओवरची बाई किती आनंदानं सांगत होती. वाचलं म्हणजे काय वाचलं? चर्च पाडलेलं, शाळा पाडलेली, थडगी उकरलेली, माणसं आठ किलोमीटरवर खडी न्याहाळत बसलेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. नव्या वस्तीतल्या लोकांना कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं. मंत्री दूर, कंपनी मोठी. ड्रिकेस रोज समोर दिसायचा.

"झिलाचं ऐकलं असतं तर," एकजण मात्र रांगेत त्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

सही करताना तुझा हात कुणी धरला होता, असं ड्रिकेसच्या ओठावर आलं होतं. पण हात धरला नसला तरी दार आपणच ठोठावलं होतं, हे तो विसरला नव्हता.

तो सायकलवर टांग मारून जुन्या गावी गेला. गाव ओस पडायला यंत्रं लागत नाहीत, एक तारीख पुरते. तारीख कळली की पहिल्या वर्षी माणूस छप्पर शाकारत नाही, दुसऱ्या वर्षी पन्हळ साफ करत नाही, तिसऱ्या वर्षी डॉक्टर येईनासा होतो, आणि यंत्र दिसायच्या आधीच गाव संपलेलं असतं. पन्हळींतून भूर्जाची हातहात रोपं वर आली होती. टपालपेट्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केलेल्या होत्या. कुणाच्या पेटीचं झाकण अडकायचं, कुणाची बोट कापायची, ते त्याला अजून पाठ होतं.

पण त्याच्या स्वतःच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता. नगरपालिकेनं रिकाम्या घरांपैकी सात-आठ घरं युद्धातून पळून आलेल्यांना दिली होती, हे त्यानं ऐकलं होतं. त्यात आपलं घर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

झिलाच्या स्वयंपाकघरात एक रुंद खांद्यांचा माणूस शेगडीत लाकडं रचत होता. ड्रिकेसला बघून तो उठला आणि ओळख ना पाळख, त्यानं झुकून नमस्कार केला.

"हा मिकोला," झिला म्हणाली. "तुझ्या घरात राहतो. आईला घेऊन आलाय युक्रेनहून. माझा पहिला शेजारी."

"पहिला शेजारी मी आहे," ड्रिकेस म्हणाला.

"तू आठ किलोमीटरवर राहतोस रे."

"थट्टा करायला तुला बरं सुचतं."

"थट्टा नाही. याला विचार, मी एकटी पडले तेव्हा कोण आलं." ती मिकोलाकडे वळली. "सांग, मी मेल्यावर काय करायचं?"

मिकोलानं धड्यासारखं म्हटलं, "टोपी काढायची. दाराबाहेर उभं राहायचं. आधी नाव सांगायचं, मग वेळ. आत नाही जायचं."

"बघ," झिला म्हणाली. "तुझ्या नव्या वस्तीत येतं का कुणाला?"

ड्रिकेसला ते झोंबलं. पण त्याच संध्याकाळी परत जाताना त्याला एक वेगळीच उभारी आली. सगळं बिघडलं, मान्य. पण गावात एक माणूस अजून रीतीप्रमाणे मरणार आहे आणि तिच्या पेटीला आपण खांदा देऊ शकतो. एवढं तरी आपल्या हातून सरळ व्हावं. मग तो दर गुरुवारी जाऊ लागला. झिला त्याला पाव द्यायची आणि टोमणे द्यायची. एका गुरुवारी त्यानं विषय काढलाच.

"तुझ्या वेळी पुढचा डावा खांदा माझा. कॉनराडच्या वेळी होता तसाच."

झिलानं बशी त्याच्याकडे सरकवली. "पाव खा," ती म्हणाली. "वाळतोय."

तो त्यानं होकार धरला. थाइसकडून एकदा चटका बसूनही न विचारता धरून चालण्याची त्याची खोड गेली नव्हती.

मार्चच्या एका सकाळी दारावरची घंटा वाजली. मिकोला उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, टोपी हातात धरून. आठ किलोमीटर चालत आला होता.

"झिला कॉनराड होल्त्स," तो म्हणाला. "आज पहाटे पाच वाजता."

"आत ये."

"नाही. आत नाही जायचं."

ड्रिकेसला रडू फुटलं. झिलासाठी होतं, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या दाराशी रीतीनं उभं राहिलं यासाठीही होतं. शुक्रवारी तो तासभर आधीच पोचला, सूट, टोपी, हातमोजे, सगळं कडक. झिलाच्या अंगणात आसपासच्या घरांत नव्यानं राहायला आलेली पाच माणसं उभी होती, मिकोला सहावा. सहाही जणांच्या हातात पांढरे हातमोजे होते.

"तुमच्यातला एक मागे येईल," ड्रिकेस म्हणाला. "पुढचा डावा मी आहे."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मिकोलानं खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. झिलाच्या ठसठशीत अक्षरात सहा नावं होती, घरांच्या क्रमानं, तीन उजवीकडची, तीन डावीकडची. पुढचा डावा, ओस्ताप. खाली एक ओळ होती. 'ड्रिकेस येईल. त्याला रीत माहीत आहे.'

"तुम्ही माझी जागा घ्या," मिकोला घाईनं म्हणाला. "मला चालेल. खरंच चालेल."

ड्रिकेसनं ती ओळ पुन्हा वाचली. रीत त्याला माहीत होती. ज्याच्या घरात दिवा लागतो तो शेजारी, बाकी सगळे बाहेरगावचे, मग तो सख्खा भाऊ का असेना. दुसऱ्या कुणी मोडली असती तर त्यानंच आरडाओरडा केला असता. घ्यावी का जागा? कोण विचारणार होतं? पण घेतली असती तर ज्या रीतीपायी त्यानं एवढं गाव हलवलं, तीही खोटी ठरली असती.

"नाही," तो म्हणाला. "यादीत आहे तसंच. तुम्ही खांदा कसा देणार, ते दाखवा."

त्यांना धड येत नव्हतं. त्यानं शिकवलं. उंच माणसं मागे, आतला हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, पहिलं पाऊल डावं, उतारावर मिकोलानं हळू बोलून सांगायचं. ओस्तापची कॉलर त्यानं स्वतः नीट केली. मग त्यांनी पेटी उचलली, छान उचलली, आणि ड्रिकेस मागे बाहेरगावच्यांत जाऊन उभा राहिला. तिथे कोलोनहून आलेली झिलाची मुलगी होती, नव्या वस्तीतली दोन-तीन म्हातारी माणसं होती. दफनभूमीत बुजवलेल्या खड्ड्यांवर गवत उगवलं होतं, नेट्टाचा खड्डा कुठला तेही धड कळत नव्हतं. कॉनराडचं थडगं तेवढं जागेवर होतं. त्याच्या शेजारी झिलाला उतरवलं.

मातीनंतरची कॉफी पहिल्या शेजाऱ्याच्या घरी असते. म्हणजे ड्रिकेसच्याच घरी. त्याच स्वयंपाकघरात, ज्यात नेट्टानं तीस वर्षं रांधलं. भिंतीला पिवळा रंग दिला होता, टेबल खिडकीखाली सरकवलं होतं. तिथे ते जास्त शोभत होतं, आणि हेही त्याला सहन होईना. दाराजवळची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तो पाहुण्यासारखा अर्धवट टेकला.

मिकोलाची म्हातारी आई केकचं ताट घेऊन सगळ्यांमधून फिरत होती. ती त्याच्यापाशी थांबली, त्याच्या सुटाकडे, हातातल्या कोऱ्या हातमोज्यांकडे तिनं बघितलं आणि आमच्या बोलीत मोडकंतोडकं विचारलं, "तुम्ही कुठल्या गावचे?"

त्यानं तोंड उघडलं. त्याच्या वतीनं पटकन उत्तर दिलं असतं ते झिलानं, आणि तिला नुकतंच पुरून झालं होतं.

"लांबचा," ड्रिकेस म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली आणि त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. "मग पोटभर खा," ती म्हणाली. "परत जायचंय ना."